वृंदाचे मौन : ‘अँटिगनी’ची तीन आधुनिक रूपे

आधुनिक रंगभूमीवरील ग्रीक नाटकाच्या प्रभावाचा विचार बहुधा कथानकाच्या अंगाने केला जातो. इडिपस, इलेक्ट्रा, मीडिया यांच्या कथा कोणत्या नाटककाराने कशा बदलल्या, याच्या नोंदीपाशी तो थांबतो. वास्तविक या कथा अथेन्सच्या प्रेक्षकांना बहुतांशी ठाऊकच असत. त्या रंगभूमीचे वेगळेपण वृंदात, म्हणजे कोरसमध्ये होते. अॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरील डायोनिससच्या नाट्यगृहात वृंद म्हणून गाणारे-नाचणारे लोक नगराचे नागरिक असत आणि त्यांच्या तयारीचा खर्च एखादा धनिक नागरिक उचलीत असे. वृंदाला नटांपैकीच एक मानावे आणि या बाबतीत युरिपिडीझचा नव्हे, तर सोफोक्लीझचा कित्ता गिरवावा, असे अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त सांगितले, त्यामागे हीच जाण असावी.

सोफोक्लीझची ‘अँटिगनी’ इ. स. पूर्व ४४१च्या सुमारास रंगभूमीवर आली. हेगेलपासून या शोकात्मिकेकडे कुटुंबधर्म आणि राज्याचा कायदा या दोन न्याय्य पक्षांचा संघर्ष म्हणून पाहण्याची परंपरा आहे. त्या वाचनात तिसरा पक्ष झाकोळून जातो. तो म्हणजे थीब्जच्या वृद्धांचा वृंद. हे सर्व लोक आपल्याच बाजूचे आहेत, केवळ भयाने त्यांची तोंडे बंद आहेत, असे अँटिगनी क्रेऑनला सुनावते. नगरात तिच्यासाठी दबक्या आवाजात हळहळ चालू आहे, असे हेमॉनही आपल्या पित्याला सांगतो. वृद्ध मात्र कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकत राहतात. टायरेसियसचे भयंकर भाकीत ऐकल्यावरच ते क्रेऑनला मुलीची सुटका करण्याचा स्पष्ट सल्ला देतात. तोवर उशीर झालेला असतो. या शोकात्मिकेतील अपराधाचा एक वाटा वृंदाच्या मौनाकडे जातो, असे माझे मत आहे.

या निकषावर आपल्या शतकाच्या मागील शतकातील तीन नाटके तपासून पाहता येतात. ज्याँ अनुईचे ‘अँटिगनी’ फेब्रुवारी १९४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. अनुईने वृंद एकट्या व्यक्तीपुरता आटवला. कोण मरणार, हे आरंभीच सांगून टाकले जाते. वृंद क्रेऑनला एकदा विनवतोही. पण त्याच्यामागे नगर उभे नाही. जमाव पडद्याआडच्या गोंगाटापुरता उरतो आणि शेवटी पत्ते खेळणारे पहारेकरी तेवढे मागे राहतात. नाटक दोन व्यक्तींच्या विलक्षण वाद-संवादात एकवटते. त्यात प्रतिकाराचा गौरव पाहणारे प्रेक्षक होते, तसेच क्रेऑनच्या व्यवहारवादाचे समर्थन वाचणारेही होते. या संदिग्धतेचे मूळ नगराच्या या अनुपस्थितीत शोधावे लागते.

ब्रेश्टने १९४८मध्ये स्वित्झर्लंडमधील कूर येथे होल्डरलिनच्या भाषांतराच्या आधाराने स्वतःची ‘अँटिगनी’ सादर केली. तिचा पूर्वप्रवेश १९४५च्या बर्लिनमध्ये घडतो. येथे क्रेऑन आर्गॉसच्या खनिजासाठी युद्ध करतो आणि त्या युद्धाच्या लाभावर वृद्धांचाही डोळा आहे. विजयाची आशा असेतो ते त्याच्यासोबत असतात. पराभव दिसू लागताच कुरकुरतात. सोफोक्लीझने भयाच्या रूपात दाखवलेल्या मौनामागचा हितसंबंध ब्रेश्टने उघड केला. मात्र या स्पष्टतेची किंमत त्याला मोजावी लागली. मूळ वृद्धांची दोलायमान, म्हणूनच मानवी वाटणारी मनःस्थिती त्याच्या वृंदात फारशी उरत नाही.

अॅथॉल फ्युगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना यांनी मिळून घडवलेले ‘द आयलंड’ १९७३मध्ये केपटाऊनला प्रथम सादर झाले. वर्णद्वेषी राजवटीतील रॉबेन बेटावरचे दोन कैदी तुरुंगाच्या कार्यक्रमात ‘अँटिगनी’चा खटला सादर करतात, एवढेच त्याचे कथानक. येथे वृंदच नाही. मग ग्रीक वारसा कोणता, असा आक्षेप घेता येईल. परंतु क्रेऑन झालेला कैदी थेट प्रेक्षागृहाला उद्देशून बोलतो, तेव्हा तेथे बसलेल्यांना तुरुंगाधिकारी आणि कैदी यांची भूमिका आपोआप मिळते. अखेरीस विन्स्टन टोप फेकून देतो आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जन्मठेपेसह त्यांच्यासमोर उभा राहतो. थीब्जच्या वृद्धांची जागा आता तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांकडे आलेली असते.

म्हणून या तिन्ही नाटकांत कथेची मोडतोड सर्वाधिक करणारे ‘द आयलंड’ मला सोफोक्लीझच्या सर्वांत निकट वाटते. अँटिगनीच्या धैर्याने भारावून जाणे सोपे असते. तिला गुहेकडे नेले जात असता नगर काय करीत होते, हा प्रश्न अवघड आहे. ग्रीक नाटकाचा प्रभाव मोजताना समीक्षेने तो प्रश्न कोणत्या नाटकात जिवंत राहिला आहे, हे आधी पाहावे.