आजीवर भरलेली 'आशिकी'

आमच्या घरात टेप आला तवा कॅसेटी तीनच. प्रल्हाद शिंदे वडिलांचे, 'जैत रे जैत' चुलत्याची. तिसरीत आजीचा आवाज. आजी तुळजाभवानीची आराधीण. तिची गाणी चुलत्यानं भरून घेतली होती. पुसू नयेत म्हणून कॅसेटीचा वरचा बारका तुकडा मोडून ठेवलेला.

१९९० साली 'आशिकी' आली. उस्मानाबादच्या स्टँडवर बघावं तिकडं नदीम-श्रवण. मी सोळाचा, खिसा रिकामा. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली अन् आजीवर कुमार सानू भरला. आजी एवढंच म्हणली, "भर की रं, मी हाय की अजून."

ते वर्ष काही तिला निघालं नाही.

आज 'आशिकी' ऐकतो. गोड आहे, पण सगळी गाणी एकाच पाकात घोळलेली. प्रल्हाद शिंदे मोकळ्या गळ्यानं वर चढतात, तेव्हा बांधाच्या पलीकडं हाक गेल्यासारखी वाटते. 'जैत रे जैत'मध्ये महानोरांचे शब्द आपल्या रानातले, अन् हृदयनाथ मंगेशकरांची चाल ठाकरांच्या डोंगरासारखी, पुढचं वळण कळू न देणारी. ह्या दोन कॅसेटींनी माझा कान घडवला, असं मी सांगत आलो.

ते अर्धंच खरं. आजी कडव्याच्या मधीच दम घ्यायची, खोकायची, अन् तिथूनच गाणं उचलायची. अजूनही नवं गाणं लावलं की मी आधी गाणाऱ्याचा दम हुडकतो. तो पुसून गुळगुळीत केलेला असला, की गाणं मला लागत नाही.