श्रवण आणि संवाद

१९५६ साली पुणे नभोवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, त्याचे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केलेले परीक्षण आजही उद्बोधक ठरते. ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञानवृद्धी ठळक दिसली; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. लोहारा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने प्रयोगाबाहेर राहिले. आता ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाचे (२०२२-२७) पाठ तेथील प्रौढांच्या घरी मोबाइलवर पोहोचू शकतात. तथापि यंत्र घरात आले म्हणजे शिक्षण आले, हे गृहीतक वरील निष्कर्षापुढे टिकत नाही. पाठ प्रमाणभाषेत असतो. प्रौढाची शंका बोलीत उमटते. ती ऐकून घेणारा स्वयंसेवक हाच या कार्यक्रमाचा खरा आधार होय. त्याच्यावाचून प्रौढ विद्यार्थी केवळ श्रोताच राहील.