नऊ पात्रांचे वजन

आजचा विषय अगदी तळहातावर मावेल एवढा आहे: चिनी कांस्याची छोटी पात्रे आणि धूपदाने जमवण्याचा छंद. या छंदात एकच प्रश्न सारखा विचारला जातो, 'हे अस्सल आहे का?' आज त्या प्रश्नाचीच जरा तपासणी करू.

धूपदान उलटे केले की तळाशी बहुधा सहा अक्षरे दिसतात. अर्थ असा, की हे महान मिंग राजवटीच्या श्वान्दे काळात घडवले. श्वान्दे सम्राटाचे राज्य १४२५ ते १४३५, जेमतेम दहा वर्षांचे. शिक्का मात्र पुढे शेकडो वर्षे उमटत राहिला. पुष्कळदा धातूही कांसे नसून पितळ निघते. मग संग्राहक म्हणतो, 'नकली!' इथे माझा आक्षेप आहे.

आता बघा, 'डिंग' हे तीन पायांचे पात्र मुळात धूपासाठी नव्हतेच. शांग आणि चौ काळात त्यात पितरांच्या नैवेद्याचे मांस शिजे. सुंग काळात विद्वानांना जुन्या पात्रांची ओढ लागली. १०९२ साली ल्यू दालिनने त्यांचा सचित्र ग्रंथ केला. पुढे तोच आकार लहान होऊन धूपासाठी ओतला जाऊ लागला. म्हणजे ज्याला आपण अस्सल धूपदान म्हणतो, तीही नक्कलच की! पण ती पूर्वजांना वंदन म्हणून केलेली. फसवतो तो विक्रेता, जो आम्लाने हिरवा गंज चढवून काल ओतलेले पात्र तीन हजार वर्षांचे म्हणून विकतो. या दोघांना एकाच मापाने मोजणे हा विचारातला आळस झाला.

आणि हा आळस निरुपद्रवी नाही. शांग-चौ काळातली पात्रे पुष्कळदा कबरींतून येतात. पात्र चोरून बाहेर काढले, की ते कोणाच्या शेजारी, कशासाठी ठेवले होते, हे कायमचे पुसले जाते. अस्सलाच्या हव्यासापायी ज्ञानच बुडते.

इ.स.पू. ६०६मध्ये चू देशाच्या च्वांग राजाने चौ राजाच्या दूताला विचारले, तुमच्या नऊ डिंगांचे वजन किती? दूताने सुनावले, की राज्य सद्गुणावर टिकते, पात्रांवर नाही. आपला संग्राहकही धूपदान हाती घेऊन आधी वजनच बघतो. बघू दे. पण मग हेही विचारावे, की हे कशासाठी घडवले, कसे वापरले, आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आले? याची सरळ उत्तरे देणारे दीडशे वर्षांपूर्वीचे पितळी धूपदान मी आनंदाने टेबलावर ठेवीन.