वासरू आणि माकडे

१९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणारे वासरू गांधीजींनी विषाची सुई टोचवून शांत केले आणि ‘नवजीवना’त त्याचा जबाब लिहिला. हिंसा केवळ कृतीवरून नव्हे, हेतूवरून ठरते, हे त्याचे सूत्र. परंतु लेखाचे खरे मोल मला उत्तरार्धात वाटते. पिके नासणारी माकडे मारली तर ते आपल्या स्वार्थासाठी. त्याला अहिंसा म्हणता येणार नाही, हे ते तिथेच कबूल करतात. नुसती वकिली करणारा हे टाळता. उणीव एकच. वासरू मुके होते, निवाडा पाहणाऱ्याचा. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस इथेच अडतो : दया त्याची येते, की आपल्या जागरणाची?