सव्वीस समाज, पण साल कुठंय?

एखादं पुस्तक तपासताना आपण त्यात काय आहे ते बघतो. त्यातला काळ कुठला, हे विचारायचं मात्र राहून जातं. आज एक बालपुस्तक घेऊ: 'अशांती टू झुलू'. लेखिका मार्गारेट मसग्रोव्ह या अमेरिकी शिक्षिका. त्या घानात राहिल्या आणि त्या अनुभवातून १९७६ साली हे पुस्तक आलं. इंग्रजी मुळाक्षरांनुसार २६ आफ्रिकी समाज आणि प्रत्येकाची एखादी प्रथा. लिओ आणि डायन डिलन यांच्या चित्रांना १९७७ चं कॅल्डिकॉट पदक मिळालं.

'आफ्रिका म्हणजे सगळं एकच' हा समज पुस्तक पानागणिक मोडतं. हे काम मोठंच. चित्रकारांचा प्रामाणिकपणाही बघा. शक्यतो प्रत्येक चित्रात पुरुष, बाई, मूल, घर, एखादी वस्तू आणि तिथला प्राणी आहे. हे सगळं एरवी एकत्र दिसेलच असं नाही, हेही पुस्तकातच सांगितलंय. आपल्या मांडणीची मर्यादा अशी आधीच सांगून टाकायची असते.

काळाबाबत मात्र ही काळजी दिसत नाही. अशांती विणकर केंटे विणतात, ठीक. पण कधीपासून? कुणासाठी? लोक जणू कायम तेच करत आलेत, अशा या लिखाणाला मानववंशशास्त्रात 'एथ्नोग्राफिक प्रेझेंट' म्हणतात.

यात एवढं काय बिघडलं? १९६३ साली ट्रेव्हर-रोपर या ब्रिटिश इतिहासकाराने म्हटलं होतं, की आफ्रिकेत इतिहास आहे तो फक्त युरोपियनांचा. नुसत्या प्रथा दाखवून याला उत्तर मिळत नाही. प्रथा आहेत हे तोही मान्य करेल! उत्तर घटनांनी मिळतं: १९०० साली ब्रिटिश गव्हर्नरने अशांतींचं सुवर्णासन मागितलं आणि या असंतवा या राजमातेच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं.

'मुळाक्षरांच्या पुस्तकात एवढं कसं मावणार?' असं तुम्ही म्हणाल. पण वरची घटना एका वाक्यात मावली की! आणि राजमाता लढली, हे मुलांना केंटेइतकंच आवडेल.

तेव्हा तुमच्या प्रबंधातलं 'अमुक समाजात तमुक प्रथा आहे' हे वाक्य शोधा आणि त्यात साल घालून बघा. साल सापडत नसेल, तर तुमचा पुढचा संशोधनप्रश्न तिथंच आहे.