निरक्षर नेमके किती?

२०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा आता कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. देशापासून गावापर्यंतचे आकडे, स्त्री-पुरुष वेगवेगळे! वर्गात वापरायला याहून चांगले साहित्य क्वचितच सापडेल. पण नवख्या वाचकाची या तक्त्यात हमखास फसगत होते, आणि तिला तक्ताच बराचसा जबाबदार आहे.

'पी-इल' या त्रोटक नावाचा एक रकाना घ्या. इल म्हणजे निरक्षर. भारतासमोर आकडा आहे ४४.७२ कोटी. एकूण लोकसंख्या १२१.०९ कोटी, साक्षर ७६.३६ कोटी. भागाकार केला तर साक्षरता ६३ टक्के येते. मग सरकारी पुस्तिकेत ७३ टक्के कसे? कोणी लबाडी केली का?

नाही. जनगणनेत सहा वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल निरक्षर धरतात, अगदी बालवाडीत वाचू लागलेलेसुद्धा. अशी मुले १६.४५ कोटी होती आणि ती सगळी 'पी-इल'मध्ये बसली आहेत. साक्षरतेचा दर काढताना मात्र त्यांना छेदातून वगळतात. ७६.३६ ला १०४.६३ ने भागा, ७३ टक्के मिळतात. सात वर्षांवरचे निरक्षर उरतात सुमारे २८.२७ कोटी. लहान मुलांचा आकडा 'पी-०६' या दुसऱ्याच रकान्यात आहे. या दोन रकान्यांचे नाते तिथल्या तिथे एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

तळटीपांचीही तीच गत. १९७१ चा दर ३४.४५ टक्के, १९८१ चा ४३.५७. दहा वर्षांत नऊ टक्क्यांची झेप! परंतु १९७१ पर्यंतचे दर पाच वर्षांवरील लोकसंख्येचे आहेत, १९८१ पासूनचे सात वर्षांवरील. जुन्याच रीतीने मोजले तर १९८१ चा दर ४१.४ च्या आसपास येतो. शिवाय त्या वर्षी आसामात जनगणना झालीच नव्हती. आकडे पुढे उतरवले जातात तेव्हा ही टीप मागेच राहते आणि आलेखावर एक अखंड रेघ ओढली जाते.

आणखी एक. प्रगणक कोणाची परीक्षा घेत नाही. एखादी भाषा समजून लिहिता-वाचता येते का, एवढेच विचारतो आणि घरातले जे सांगतील ते लिहून घेतो.

आठवीच्या मुलांना आपल्याच गावाची ओळ काढून द्यावी आणि साक्षरता दोन्ही तऱ्हांनी काढायला सांगावी. ज्या गावात लहान मुले जास्त, तिथे दोन उत्तरांतले अंतर मोठे का, हे ती आपणहून विचारतील.