पेपर किती, हा प्रश्न अपुरा आहे

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी बाहेरची तज्ज्ञ म्हणून गेले होते. जागा प्रायोगिक भौतिकीची, विषय बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर. एका उमेदवाराला पहिला प्रश्न आला, "पेपर किती?" तो म्हणाला, "तीन." दुसरा प्रश्न बी.एस्सी.च्या टक्क्यांचा.

या तीन पेपरांमागे काय असते ते पाहू. पॉलिमरचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. वितळल्यावर त्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. साखळीची लांबी दुप्पट केली तर द्रवाची विष्यंदिता किती वाढेल? गुंत्यातून साखळी सापासारखी सरपटत बाहेर पडते, अशी कल्पना द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७१ साली मांडली. त्या हिशेबाने वाढ लांबीच्या तिसऱ्या घाताने, म्हणजे आठपट व्हायला हवी. प्रत्यक्ष मोजमापात घात येतो सुमारे ३.४, म्हणजे साडेदहापट. हा फरक खरा की मोजणाऱ्याची चूक? हे ठरवायला जवळजवळ सारख्या लांबीच्या साखळ्यांचे नमुने लागतात, तापमान स्थिर ठेवावे लागते, आणि अनेक महिने जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातील या पदासाठी १०० गुणांचा एक तक्ता आहे. पदवीला ८० टक्के असतील तर १५ गुण. शोधनिबंधांना प्रत्येकी २, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच निबंध झाले की पुढच्या संशोधनाला भाव नाही, आणि तीन वर्षांचा प्रयोग व तीन आठवड्यांचे काम यांची किंमत एकच. तक्ता अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याची ओळखपाळख नाही अशा उमेदवाराला लेखी नियमाचाच आधार असतो. शिवाय तक्ता फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता, निवड मुलाखतीवरच व्हावी, असे तीच नियमावली सांगते. पण मुलाखतीतही आम्ही तक्त्याचेच रकाने पुन्हा वाचत बसतो.

मी त्याला विचारले, "तुमचे कोणते मोजमाप चुकले, आणि ते कळले कसे?" तो खुलला. शेवटचे मोजमाप झाल्यावर त्याने पहिलाच नमुना पुन्हा लावून पाहिला होता. विष्यंदिता उतरलेली! गरम हवेतल्या ऑक्सिजनने साखळ्या तुटत होत्या. त्याने नायट्रोजनची सोय केली आणि आधीची आठ महिन्यांची आकडेवारी टाकून दिली. या आठ महिन्यांसाठी तक्त्यात रकाना नाही. (आपल्या शाळांत तरी कुठे आहे? जी चे मूल्य ९.८ आले की पूर्ण गुण, ९.१ का आले हे शोधणारी मुलगी मागे.)

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. तो प्रतीक्षायादीत राहिला. निवड झालेल्या उमेदवाराला कोणते उपकरण, किती निधी मिळणार, याचा जाहिरातीत उल्लेख नव्हता. निघताना ती प्रयोगशाळा पाहिली. एक टेबल, एक पंखा, आणि दुपारी दोन तास वीज नसते, असे शिपायाने सांगितले.